बी विंग, दोनशे चारसाठी प्रार्थना

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता देव येत असे, आणि त्याला आत घ्यायचं की नाही हे माझ्या सहीवर अवलंबून होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कुठल्याही सोसायटीचा सेक्रेटरी करू नये, हे आता मलाही पटतं. रबाळ्याला माझ्या हाताखाली सत्तर माणसं होती. इथे कोपरखैरण्यात एक वॉचमन आणि एक पाण्याचा पंप, आणि त्यातला पंप तेवढा माझं ऐकायचा. मग माणूस नोटिसा काढतो. मी फार नोटिसा काढल्या.

हॉल रविवारपुरता एका मराठी ख्रिस्ती मंडळीला दिलेला होता. माझ्या आधीच्या कमिटीनं दिला होता, म्हणजे मला तो निर्णय पटायचं काही कारणच नव्हतं. चाळीसेक माणसं यायची. दिघ्याहून येणारे कामगार, दोन नर्सा, एक रिक्षावाला, पेटी वाजवणारे एक निवृत्त मास्तर. त्यांना स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. महिन्यातून एका रविवारी ठाण्याहून एक पाळकसाहेब यायचे, प्रभुभोजन द्यायचे, म्हणजे प्रत्येकाला भाकरीचा एक तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षरस, आणि मग मास्तरांच्या घरचं मटण जेवून परत जायचे. बाकीचं सगळं एक बाई बघायच्या. उपदेश त्यांचा, आजाऱ्यांना भेटी त्यांच्या, मयताला पहिल्या त्या पोचणार, आणि शेवटी खुर्च्या मोजून भिंतीला लावणारही त्याच. कागदोपत्री त्या 'सेविका' होत्या. लहानथोर सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. प्रभुभोजन द्यायचा अधिकार मात्र त्यांना नव्हता, कारण त्याला पाळकपदाची दीक्षा लागते आणि ती सव्वीस वर्षांत कोणी त्यांना दिली नव्हती. द्राक्षं बाजारातून आणून, उकळून, गाळून रस करायच्या त्या. तो हातात घेऊन द्यायला माणूस ठाण्याहून यायचा.

बाई नगरकडच्या. ठेंगण्या, सावळ्या, फुलाफुलांची सिंथेटिक साडी, पायात पांढरे स्पोर्ट्सचे बूट. एका जुन्या स्कूटरवरून दिघा ते तुर्भे फिरायच्या आणि हेल्मेट घालूनच लोकांच्या घरात शिरायच्या. लग्न केलं नव्हतं. माझ्या बायकोनं एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "एक जण आला होता विचारायला. पण त्याची प्रार्थना लई लांब होती, वहिनी. मी म्हटलं, हा माणूस जन्मभर जेवण गार करणार."

लांब प्रार्थनेचा त्यांना खरंच तिटकारा होता. कोणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात डोकावायच्या, कुकरमध्ये काय आहे विचारायच्या आणि त्यावर प्रार्थना बेतायच्या. तुरीची डाळ असेल तर तीन शिट्ट्या. राजमा असेल तर मात्र घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन, दूरच्या भाच्याच्या नोकरीपर्यंत. प्रार्थना करताना एक डोळा उघडा असायचा. दोन्ही मिटले की बाप्ये हळूच गॅलरीत जातात, असा त्यांचा अनुभव होता.

आणि देवाला त्या पत्ता सांगायच्या. "सेक्टर एकोणीस, रो हाउसच्या मागची चाळ, नळाशेजारची खोली, तिथल्या आजीचा गुडघा," अशी सुरुवात. बायकोनं विचारलं, देवाला हे माहीत नसतं का. "असतं की," बाई म्हणाल्या. "पण नवी मुंबईत सेक्टर सांगितलेला बरा."

हे सगळं मला बायकोकडून कळायचं. ती कऱ्हाडची, घरात गणपती बसवणारी, पण बाईंशी तिचं फार जमायचं. रविवारचं आटोपलं की बाई वर आमच्याकडे चहाला यायच्या आणि मी पेपर तोंडासमोर धरून ऐकायचो. एकदा त्या रबाळ्याला एका कंपनीच्या गेटवर पाळी सुटायच्या वेळेला जाऊन उभ्या राहिल्या. उपासना चुकवणारे गडी तिथे हमखास सापडतात म्हणून. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला वाटलं, बिचारी नवऱ्याला शोधत आली असणार. त्यानं हळू आवाजात विचारलं, "नवरा हाय का आत तुमचा?" बाई म्हणाल्या, "बारा हायेत. मागच्या गेटनं जातील, तिकडं बी एक माणूस उभा कर." तो सिक्युरिटीवाला अजून ही गोष्ट सांगतो म्हणे.

पण एका बाबतीत बाईंकडे चेष्टा नव्हती. प्रभुभोजनाचा एक नियम त्यांनी फार कडक पाळलेला होता. ज्याचं कोणाशी वाकडं आहे त्यानं आधी ते मिटवायचं, मग मेजाशी यायचं. मिटलं नसेल तर पेला आपल्या तोंडाला न लावता शेजाऱ्याकडे द्यायचा. दिघ्याच्या दोन जावांचं मिक्सरच्या भांड्यावरून फाटलं होतं. एक म्हणे तिनं पातं बोथट केलं, दुसरी म्हणे ते आधीच बोथट होतं. चार महिने दोघी पेला पुढे देत होत्या. बाईंनी उपदेश केला नाही. एका रविवारी मेजावरची पांढरी चादर काढली, एक टोक एकीच्या हातात, दुसरं दुसरीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, घडी घाला. आता चादर घडी घालायची तर दोघींना एकमेकींकडे चालत यावंच लागतं, हाताला हात लागतोच. तिसऱ्या घडीला धाकटी हसली. बाई लांब उभं राहून पेले पुसत होत्या.

एवढं कळूनही मी त्यांच्याशी भांडलो. त्याची हकीकत अशी.

आमची वार्षिक सभा रविवारी दहा वाजता ठेवली होती. तशी नोटीस मी दोन आठवडे आधी बोर्डावर लावली होती. बाईंनी ती वाचली नाही. नंतर म्हणाल्या, तिथं इतक्या नोटिसा होत्या की त्यातली नवी कुठली ते कळेना. मी सकाळी नऊलाच हॉलचं पुढचं दार आतून बंद केलं आणि खजिनदाराला घेऊन रजिस्टर उघडून बसलो. हॉलमधल्या खुर्च्या मोडक्या झाल्या होत्या म्हणून मंडपवाल्याकडून साठ खुर्च्या मागवल्या होत्या. दहा वाजले, खुर्च्या नाहीत. सव्वादहा झाले, माणूस नाही. कोरम पुरा नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब केली. तसं रजिस्टरमध्ये लिहिलं आणि मंडपवाल्याला फोन लावला.

"साहेब, खुर्च्या कधीच टाकल्यात," तो म्हणाला. "माणसं पन बसली सगळी."

मी इमारतीला वळसा घालून मागच्या पार्किंगमध्ये गेलो. झालं होतं ते एवढंच. बाईंच्या मंडळीनं बंद दार पाहिलं आणि ती मुकाट्यानं पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. मंडपवाल्याला ती सभेची माणसं वाटली, त्यानं खुर्च्या तिथे मांडल्या. मग दहा वाजता आमचे सभासद खाली उतरले. समोर खुर्च्या, मेज, मेजावर चादर, पलीकडे चहाचं पातेलं. तेही बसले. सभेआधी काहीतरी कार्यक्रम ठेवलाय असं त्यांना वाटलं, आणि ए विंगचे एक गृहस्थ तर बायकोला म्हणाले म्हणे की या वर्षी कमिटीनं सुधारणा केलेली दिसते. माझा सगळा कोरम स्कूटरींच्या मधे बसून टाळ्यांवर भजन म्हणत होता. तिसऱ्या रांगेत माझी बायको होती.

माझं डोकं फिरलं. "हे कोणाच्या परवानगीनं चाललंय?" मी विचारलं.

"खुर्च्या मांडलेल्या होत्या," बाई म्हणाल्या.

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "तुमच्यात कोणी जबाबदार पुरुष माणूस नाही का? मला त्याच्याशी बोलायचंय."

पेटी थांबली. बाईंनी हातातलं पुस्तक मेजावर ठेवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "आहे ना. त्याच्याशीच बोलू या. सगळ्यांनी डोळे मिटा."

आणि लोकांनी मिटले. आमच्याही लोकांनी.

"हे प्रभू," बाईंनी सुरुवात केली, "कोपरखैरणे, आमचीच बिल्डिंग, बी विंग, दोनशे चारमध्ये तुझं एक लेकरू राहतं. ते आज फार रागावलंय. त्याच्या सभेला माणसं येत नाहीत. त्याला माणसं दे. आणि माणसं येईपर्यंत त्याला थोडं हसायला शिकव. आमेन."

आधी मागे कोणीतरी फुसकन हसलं. मग सगळं पार्किंग हसलं. खजिनदार माझ्याबरोबर आला होता, तोही हसला. एखाद्यानं शिवी दिली तर उलटी शिवी देता येते. आपल्यासाठी प्रार्थना केली तर काय करायचं, हे मला कारखान्यात कोणी शिकवलं नव्हतं. मी तसाच परत फिरलो. मागून आमच्या निम्म्या सोसायटीनं "आमेन" म्हटलेलं मला ऐकू आलं, आणि ते मला फार लागलं.

मग सुरू झालं शीतयुद्ध. हॉल काढून घ्यायचा ठराव मी पुढच्या सभेत मांडला, तर त्याला अनुमोदन द्यायला एक हात वर झाला नाही. मग मी माझ्या हातातलं शस्त्र काढलं. 'चपला रांगेत काढाव्यात' अशी नोटीस लावली. पुढच्या रविवारी हॉलबाहेर चपलांची रांग होती, लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत, सगळ्यांची तोंडं सोसायटीच्या ऑफिसकडे. 'गाताना इतर सभासदांचा विचार करावा' अशी दुसरी लावली. त्या रविवारी मंडळी इतकी हळू गायली की कोणी गेलंबिलं की काय म्हणून बायको खाली बघून आली. जिन्यात गाठ पडली की बाई पंपाकडे बघायच्या आणि मी बोर्डाकडे. चहाला यायच्या त्या बंद झाल्या. बायको मला म्हणाली, "दोघंही सारखेच." मला ते फार अपमानाचं वाटलं. बाईंनाही वाटलं असतं.

असं जवळजवळ वर्ष गेलं, आणि बाईंना दीक्षा मिळाल्याची बातमी बायकोनंच आणली. मुंबईच्या मोठ्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून त्यांना पाळक केलं होतं. येत्या रविवारी आमच्या हॉलमध्ये बाई पहिल्यांदा स्वतःच्या हातानं प्रभुभोजन देणार होत्या. "सव्वीस वर्षं दुसऱ्यासाठी पेले धुतले बिचारीनं," बायको म्हणाली आणि माझ्यासमोर चहा जरा आपटूनच ठेवला. आठवडाभर मला वाटत होतं, बिल्डिंगमध्ये बाई जास्तच दिसतायत. दोनदा तर त्यांना मी आमच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर पाहिलं. मला पाहून त्या बुटाची नाडी बांधायला वाकल्या. मीही न थांबता खाली उतरलो.

त्या रविवारी मी दाढी करत होतो. बनियनवर, डावा गाल उरकलेला, उजव्यावर फेस. खालून गाणं ऐकू येत होतं. बेल वाजली. बायकोनं दार उघडलं आणि हाक मारली, "अहो, बाई आल्यात."

दारात बाई उभ्या होत्या. अंगात पाळकाचा पांढरा झगा, तो दोन्ही हातांनी घोट्यावर उचलून धरलेला, खाली तेच स्पोर्ट्सचे बूट. दोन जिने चढून दम लागला होता.

"सेक्रेटरीसाहेब, दोन मिनिटं," त्या म्हणाल्या. "मेज मांडलंय. लोकं थांबलेत. त्यांना गाणं म्हणायला लावून आलेय. मला मेजाशी उभं राहता येत नाही."

"का? आज काही दार बंद केलं नाही मी," मी म्हणालो.

"दार नाही. तुम्ही." त्यांनी झगा सोडला. "पार्किंगमध्ये मी तुमच्यासाठी प्रार्थना केली होती."

"आठवतंय."

"ती प्रार्थना नव्हती. तो चिमटा होता, देवाच्या हातानं काढलेला. मला लोकांना हसवायचं होतं, आणि हसले लोक. मला आठ दिवस लई बरं वाटत होतं. तीच तर भानगड. मला माफ करा."

"अहो, झालं गेलं. मी कधीच विसरलो."

"विसरले नाहीत," बायको मागून म्हणाली. "परवाच काढलं होतं."

"विसरून चालत नाही," बाई म्हणाल्या. "माफ केलं म्हणावं लागतं. खरंच केलं असलं तर म्हणा. नसलं तर तसं सांगा. मी खाली जाऊन सांगते, आज भोजन नाही, ठाण्याहून साहेब येतील तेव्हा बघू."

खाली गाणं संपलं. मास्तरांनी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. ज्या बाईनं चारचौघांत माझं हसं केलं ती माझ्या उंबऱ्याबाहेर उभी होती, आणि तिचा सव्वीस वर्षांनी आलेला दिवस माझ्या दोन शब्दांवर अडला होता. एखादं मिनिट तिला तसंच उभं ठेवावं असं मला वाटलं, आणि मी ठेवलं. मी गालावरून ब्रश फिरवत राहिलो. मग माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. झगा सुटलेल्या त्या बोटांना उकळलेल्या द्राक्षांचा जांभळा डाग होता. माझी मला लाज वाटली.

"त्या दिवशी सगळे हसले, बाई," मी म्हणालो. "ही पण हसली."

"हसले मी," बायको म्हणाली.

"मला लागलं ते. फार लागलं." हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"लागलंच असणार," बाई म्हणाल्या. "लागावं म्हणूनच केलं होतं."

"आणि मी जे बोललो, पुरुष माणूस कुठाय म्हणून..."

"ते मी त्याच दिवशी सोडून दिलं. ते मला सगळेच विचारतात." त्या सहज म्हणाल्या, पाणी कधी येतं हे सांगावं तसं. "माझं तेवढं राहिलं होतं."

"माफ केलं, बाई," मी म्हणालो. "खरंच केलं."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही. मग झगा पुन्हा उचलला आणि धडधड जिना उतरून गेल्या. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि खुंटीवरचा शर्ट काढून माझ्या हातात दिला.

मी आरसाही पाहिला नाही. शर्टाची बटणं लावत खाली गेलो आणि हॉलच्या मागच्या दाराशी उभा राहिलो. शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजीनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मला जागा करून दिली. पुढे बाई भाकर मोडत होत्या. एकेक जण जायचा, तुकडा घ्यायचा, पेला घ्यायचा. बाई प्रत्येकाचं नाव घेत होत्या, आणि पत्ता कोणाचाच सांगत नव्हत्या. सगळ्यांचं झाल्यावर मेजावर एकच पेला उरला. बाईंनी तो उचलला, जरा वेळ हातात धरला आणि प्यायल्या. एवढासा पेला, पण त्यांनी तो तहान लागल्यासारखा संपवला.

शेजारची आजी पदरानं डोळे पुसत होती.

"अकरा म्हैने," ती माझ्या कानाशी लागून म्हणाली. "अकरा म्हैने बाईनं पेला तोंडाला लावला न्हवता. दर बारीला समद्यांचं करायची आन आपला तसाच पुढं द्यायची. दीक्षेच्या दिशीबी मी शेजारीच व्हते, तवाबी दिला. कुनाशी वाकडं हुतं काय की. इचारलं तर सांगत न्हवती."

पार्किंगमधल्या त्या रविवारपासून मी मनात महिने मोजले. अकराच भरले. त्यातल्या एकेका रविवारी मी वरच्या खिडकीत उभा राहून चपला नीट लावल्यात का ते बघत होतो.

"माझ्याशी," मी आजीला म्हणालो.

आजीनं मला खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं. ज्या पदरानं डोळे पुसत होती त्याचंच टोक धरून तिनं माझ्या उजव्या गालावर वाळलेला साबण पुसून काढला.